दिसत नाही त्याचे माप

अणुबाँबवर मराठीत लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप ब्रह्मास्त्राकडे वळते. लेखात, व्याख्यानात, कवितेत आणि शाळेतल्या निबंधातसुद्धा हिरोशिमा म्हणजे ब्रह्मास्त्र, असे समीकरणच होऊन बसले आहे. उपमा जुनी आहे, भव्य आहे आणि ऐकणाऱ्याला चटकन पटणारी आहे. माझी तक्रार एवढीच की आपण ती अर्धीच वापरतो. तिच्यातले तेज आपण उचलतो आणि तेज विझल्यावर मागे काय उरते ते व्यासांच्या पोथीतच ठेवून देतो. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आले, आवरता आले नाही. ते गर्भावर जाऊन पडले. आणि मणी काढून घेतल्यावर कपाळीची वाहती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत हिंडतो, ही गोष्ट तर आपण सर्वांनीच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेली आहे. अणुयुगाचे खरे चित्र त्या न भरणाऱ्या जखमेत आहे. ते चित्र वाङ्मयात कोणी, कसे आणि कितपत काढले, हा ह्या लेखाचा विषय.

विषय सणाच्या अंकाला शोभणारा नाही, असे काही वाचकांना वाटेल. परंतु फराळाच्या ताटापासून तो फार दूर नाही, हे पुढे दिसेलच.

प्रथम थोडे शास्त्र सांगतो. स्फोटातून किंवा भट्टीच्या अपघातातून जी धूळ निघते तिच्यातील काही द्रव्ये अल्पायुषी असतात. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते. सीझियम-१३७ ला निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, स्ट्राँशियम-९० ला जवळजवळ तितकीच. डब्यात चौसष्ट चकल्या आहेत आणि तीस वर्षांनी बत्तीस उरल्या, साठ वर्षांनी सोळा, नव्वद वर्षांनी आठ, असा हा हिशेब. घाई करून तो लवकर उरकत नाही. चुलीवर ठेवा की बर्फात ठेवा, वेग तोच. वातावरणातील, अंतराळातील आणि पाण्याखालील अणुचाचण्या बंद करण्याचा करार १९६३ साली झाला. त्या वेळी जमिनीवर पडलेल्या सीझियमपैकी चौथा हिस्सा २०२३ साली शिल्लक होता आणि तो आज मातीत आहे.

हे माप घेतात कसे? एका सेकंदात एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकरेल. नमुना मग मातीचा असो, दुधाचा असो वा हरणाच्या मांसाचा, तो वजन करून शिशाच्या जाड भिंतींच्या आत ठेवतात. समोर अतिशय थंड केलेला जर्मेनियमचा स्फटिक असतो. प्रत्येक द्रव्याच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची. आमच्या मिरजेतला तंबोरे घडवणारा कारागीर तार छेडताच सूर सांगतो, तसाच तो स्फटिक अनेक किरणांच्या गलबल्यातून सीझियमचा सूर वेगळा काढतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातसुद्धा निसर्गदत्त पोटॅशियममुळे सुमारे चार हजार बेकरेल सतत चालू असतात. म्हणजे शून्य कोठेच नाही. प्रश्न नेहमी ‘किती’ हाच असतो, आणि वाङ्मयाची पंचाईत होते ती ह्या ‘किती’पाशी.

आता पुस्तकांकडे वळू. जॉन हर्सी ह्या अमेरिकन पत्रकाराचे ‘हिरोशिमा’ १९४६ च्या ऑगस्टअखेर प्रसिद्ध झाले. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने त्यासाठी अख्खा अंक दिला. दोन डॉक्टर, एक जर्मन पाद्री, एक जपानी धर्मोपदेशक, एक शिंप्याची विधवा आणि एक कारकून मुलगी ह्या सहा जणांची ती हकिगत. हर्सी कोठेही आवाज चढवत नाही, आणि हीच त्याची शक्ती. ढिगाऱ्यावर काही आठवड्यांतच दाट हिरवळ उगवल्याचे तो सांगतो तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण त्या हिरवेपणात काहीतरी विपरीत आहे हे न सांगता कळते. पण मूळ पुस्तक वर्षभराच्या आतच थांबते. अदृश्याची गोष्ट तर तेव्हा कोठे सुरू होत होती. हर्सीलाही हे जाणवले असावे, कारण चाळीस वर्षांनी, १९८५ साली, त्याच सहा जणांचे पुढे काय झाले हे लिहायला तो परतला. लेखकाने विषयाच्या अर्धायुष्याचा मान राखल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि ‘लकी ड्रॅगन’ ह्या जपानी मासेमारी नौकेवरील तेवीस जणांवर पांढरी राख बरसली. नौकेचा बिनतारी संदेश पाठवणारा कर्मचारी सप्टेंबरात मरण पावला. जपानच्या मासळीबाजारात ट्यूना माशावर गायगर यंत्र धरून तो विकावा की पुरावा हे ठरवण्याची पाळी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गोजिरा’ हा चित्रपट निघाला. पुढे त्याची जी पोरकट भावंडे निघाली त्यांनी मूळ चित्राची अब्रू घालवली. मूळ चित्रात राक्षस आगगाड्या उचलतो ते मला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. दवाखान्यात एका लहान मुलीसमोर डॉक्टर मापक यंत्र धरतो, यंत्र टकटकू लागते आणि तो मुकाट्याने मान हलवतो, हे त्या चित्रपटातले खरे भयंकर दृश्य. तेथे राक्षस नाही. केवळ एक माप आहे आणि एक माणूस ते वाचतो आहे.

मराठी विज्ञानकथेने बहुतांशी राक्षस उचलला आणि माप सोडून दिले, असे मला खेदाने म्हणावे लागते. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने ह्या प्रकाराला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. पण मासिकांतून येणाऱ्या सर्वसामान्य कथांत किरणोत्सर्ग म्हणजे जादूगाराची कांडी. ती फिरली की झुरळ हत्तीएवढे होते आणि माणसाला भिंतीपलीकडचे दिसू लागते. वास्तवातला किरणोत्सर्ग इतका नाटकी नाही. तो गवतात जातो, गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून पोराच्या हाडात. गोष्ट हवी तर ती ह्या वाटेत आहे.

ही वाट रेचल कार्सनने ओळखली. तिचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली निघाले ते कीटकनाशकांविरुद्ध म्हणून. पण आरंभीच ती स्ट्राँशियम-९० चा उल्लेख करते आणि रसायने व किरणोत्सर्ग ही एकाच जातीची संकटे म्हणून शेजारी बसवते. पुस्तकाची सुरुवात एका काल्पनिक गावाच्या उदास चित्राने होते. टीकाकारांनी त्यावर पुष्कळ तोंडसुख घेतले, आणि मलाही तो भाग पुस्तकातला सर्वांत कच्चा वाटतो. त्याचा खरा कस पुढे लागतो. एल्म वृक्षावर फवारा मारला, पाने गळाली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि पक्षी मेले. दुवा दुव्याला जोडत जाणारी ही कथनरीती कोणत्याही कादंबरीकाराने अभ्यासावी अशी आहे.

मासुजी इबुसे ह्यांची ‘काळा पाऊस’ ही कादंबरी (१९६५–६६) मी ह्या सर्वांत श्रेष्ठ मानतो. तिच्यातली घटना आपल्या कोणत्याही घरात घडावी अशी आहे. यासुको ह्या मुलीचे लग्न जमत नाही. स्थळे येतात, चौकशी होते, कोणीतरी कुजबुजते की मुलगी त्या दिवशी हिरोशिमात होती, आणि बोलणे मोडते. तिचा मामा शिगेमात्सु तिच्या व स्वतःच्या रोजनिशीची नक्कल करायला बसतो. स्फोटाच्या क्षणी ती शहरात नव्हती, हे त्याला वरपक्षाला कागदोपत्री पटवायचे आहे. परंतु नक्कल करता करता एक नोंद समोर येते: शहराकडे येताना तिच्या अंगावर काळा पाऊस पडला होता. ती नोंद ठेवावी की गाळावी? माझ्या वाचनात मापाच्या अभावाचे दुःख इतक्या साधेपणाने कोणी मांडलेले नाही. त्या मुलीच्या शरीरात काय आणि किती होते हे वेळेवर सांगणारे कोणी असते, तर अफवेला निदान उत्तर देता आले असते. माप नसते तेथे अफवा हेच माप होते. पत्रिका पाहणाऱ्या आणि कुळी विचारणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको.

स्वेतलाना अलेक्सिएविच ह्या बेलारूसच्या लेखिकेला २०१५ साली नोबेल मिळाले. त्यांचे चेर्नोबिलवरचे पुस्तक १९९७ चे. २६ एप्रिल १९८६ नंतर ज्यांची घरे, गोठे, बागा सुटल्या त्यांची ही स्वगते. ओस गावांतली कुत्री-मांजरे मारायला पाठवलेल्या शिकाऱ्यांचा भाग वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले होते. तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. ह्या पुस्तकात मोजणारा माणूस जवळजवळ नेहमी परका आहे. तो सरकारी आहे, कानात काही बोलणारा आहे किंवा हसण्यावारी नेण्यासारखा आहे. सत्तेने आकडे दडवले म्हणून लोकांचा आकड्यांवरचाच विश्वास उडाला, हे दुःख लेखिका नेमके टिपते. परंतु त्या अविश्वासाच्या पलीकडे ती जात नाही. माती आणि जनावर ह्यांना स्वतःची साक्ष देता येते, ही शक्यता तिने तपासलेली नाही.

ती साक्ष जर्मनीच्या बव्हेरियातील रानडुकरांनी दिली. चेर्नोबिलनंतर तेथील हरणांच्या मांसातले सीझियम वर्षागणिक उतरत गेले, रानडुकरांचे मात्र उतरेना. ह्या कोड्यावर २०२३ साली व्हिएन्ना आणि हॅनोवर येथील संशोधकांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ४८ नमुने तपासले. सुमारे ८८ टक्के नमुने जर्मनीतील किलोला ६०० बेकरेल ह्या मर्यादेच्या वर निघाले. सीझियम-१३५ आणि सीझियम-१३७ ह्यांच्या प्रमाणावरून त्यांनी बाँबचे सीझियम आणि भट्टीचे सीझियम वेगळे ओळखले, आणि असे आढळले की काही नमुन्यांत केवळ जुन्या अणुचाचण्यांचे सीझियमच मर्यादा ओलांडायला पुरेसे होते. कारण रानडुकराच्या हिवाळ्यातील अन्नात आहे. ते जमीन उकरून हरणांचे ट्रफल नावाची बुरशी खाते आणि सीझियम मातीतून हळूहळू उतरत त्या बुरशीपर्यंत पोचत राहते. १९५०-६० च्या दशकांतल्या राज्यकर्त्यांनी दूर कोठेतरी केलेले कृत्य आजच्या डुकराच्या जेवणात उतरते, ही कथा कोणत्या शोकांतिकेहून कमी आहे?

दुसरी साक्ष नॉर्वेतील रेनडिअरची. हा प्राणी हिवाळ्यात दगडावरचे आणि जमिनीवरचे लायकेन खातो. लायकेनला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून येईल ते घेते आणि धरून ठेवते. चेर्नोबिलनंतर रेनडिअरच्या मांसातले प्रमाण इतके चढले की सामी पशुपालकांचा धंदाच बुडायची वेळ आली. तेव्हा नॉर्वे सरकारने १९८६ च्या नोव्हेंबरात ह्या मांसापुरती मर्यादा किलोला ६००० बेकरेलपर्यंत वाढवली, आणि जनावरांना स्वच्छ चारा व प्रशियन ब्लू हे औषध देण्याचे उपाय केले. शहरातील माणूस हे मांस क्वचित खातो, सामी माणूस रोज खातो. एकाच आकड्याचे दोन घरांत दोन अर्थ होतात. असे प्रसंग वाङ्मयाची वाट पाहात उभे असतात.

आता फराळाच्या ताटाकडे. लायकेन म्हणजे आपले दगडफूल. गोड्या मसाल्यात ते लागते, आणि आमच्या सातारा-सांगलीकडे उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला कुटताना खोबऱ्या-धण्यांबरोबर तेही भाजून पडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतील दगडफुलांचा अनेक वर्षे अभ्यास झालेला आहे. हवेतून येणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीचा माग काढायला जगभरचे शास्त्रज्ञ ह्याच वनस्पतीचा आधार घेतात. गृहिणींनी घाबरून डबा उपडा करू नये. मसाल्यात ते चिमूटभर पडते, आणि जगभर पसरलेल्या त्या धुळीचा आपल्या अक्षांशावरचा वाटा उत्तरेकडील देशांच्या मानाने कमीच होता. मला केवळ इतके दाखवायचे आहे की ह्या कथेचे एक पात्र आपल्या स्वयंपाकघरात कित्येक पिढ्या बसलेले आहे आणि आपण त्याची कधी विचारपूस केली नाही.

ही धूळ मुख्यतः पावसाबरोबर खाली आली. तेव्हा एकाच अक्षांशावर जेथे पाऊस जास्त तेथे तिचा वाटाही जास्त, असा साधा तर्क आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जत-आटपाडीकडे पाचशेच्या आगेमागे. पावसासाठी जन्मभर आभाळाकडे पाहणाऱ्या माणदेशाला ह्या एका वाटणीत कमी मिळाले, ते बरेच झाले. मूळचा काळा कातळ तर ह्या बाबतीत सौम्य आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूशी त्याची तुलनाच नको. थोडक्यात, सातारा-सांगलीला भिण्याचे कारण नाही. पण भिण्याचे कारण नाही हेसुद्धा मोजल्यावरच म्हणता येते.

मराठी मुलखात ह्या विषयाचे एक खरेखुरे प्रकरण घडून गेले आहे. चेर्नोबिलनंतर युरोपातून मदत म्हणून आयर्लंडचे सुमारे दोनशे टन लोणी मुंबईत आले. त्यात सीझियमचा अंश आहे, ते मुंबईकरांच्या दुधात मिसळू नये, अशी याचिका उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने १९८८ साली एम. जी. के. मेनन, भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव ह्यांची समिती नेमली. प्रश्न होता: अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये ठरवलेल्या मर्यादेच्या आतले अन्न खाण्यास निर्धोक आहे काय? समितीने निर्धोक असल्याचे सांगितले आणि याचिका निकालात निघाली. समितीचे म्हणणे शास्त्राला धरून होते, ह्याबद्दल मला वाद घालायचा नाही. परंतु माझ्यातला वाचक विचारतो की ह्या प्रकरणावर मराठीत एक तरी कादंबरी, एक तरी नाटक का नाही? घरात तान्हे मूल आहे, हातात दुधाची बाटली आहे आणि वर्तमानपत्रात ‘मर्यादेच्या आत’ असे शब्द आहेत. त्या आईच्या मनात काय चालले असेल? ज्या सांगलीने १८४३ साली मराठी रंगभूमीला जन्म दिला, त्या सांगलीच्या वारसांना ह्यात नाटक दिसू नये ह्याचे मला नवल वाटते.

कोणी म्हणेल, मराठीत ह्यासाठी शब्दच नाहीत. हे मला मान्य नाही. साताऱ्याच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि ‘किरणोत्सर्ग’, ‘अर्धायुष्य’ असे शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. शब्द आहेत. त्यांना घाम, वास, भाकरीची चव अजून लागलेली नाही. ते काम कोशकाराचे नव्हे, लेखकाचे आहे. आणि अनुभवही नाही असे कोण म्हणेल? २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात एका वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे अडली. तेव्हापासून तासगावचा बागायतदार प्रयोगशाळेच्या कागदावरचे दशांश अपूर्णांक हळदीच्या भावाइतक्याच काळजीने वाचतो. न दिसणाऱ्या अंशावर आपले वर्ष अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको.

नमुना हवा असेल तर तोही दूर नाही. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर ह्यांची ‘सत्तांतर’ ही १९८२ सालची छोटी कादंबरी पाहावी. वानरांच्या टोळ्यांतील झगडा ते सांगतात. कोठे हळहळ नाही, उपदेश नाही, वानराच्या तोंडी माणसाची भाषा नाही. दिवसेंदिवस बसून पाहिलेले तेवढेच कागदावर उतरले आहे. मोजणाऱ्या माणसाची शिस्त आणि कलावंताची नजर तेथे एकजीव झाली आहे. त्या शिस्तीने कोणी चांदोलीच्या गव्यावर, पाटण-शिराळ्याकडे भुईमूग उकरणाऱ्या रानडुकरावर किंवा कासच्या सड्यावरच्या दगडफुलावर लिहिले, तर मराठीला तिची स्वतःची कथा मिळेल.

ह्याची निकड केवळ वाङ्मयीन नाही. सह्याद्रीच्या पलीकडे जैतापूरला अणुवीजप्रकल्प योजलेला आहे, आणि त्यावरून नाटे-साखरीच्या कोळ्यांनी आंदोलन केले. २०११ च्या एप्रिलात तेथे गोळीबार होऊन एक माणूस दगावला. प्रकल्प हवा की नको, ह्याचा निवाडा समीक्षकाने करू नये. परंतु दोन्ही बाजूंना एका गोष्टीची सारखीच गरज आहे: आजचे माप. आज मासळीत, मातीत, दुधात काय आहे हे लिहून ठेवलेले नसेल, तर उद्या ‘वाढले’ म्हणणाऱ्यालाही आधार नाही आणि ‘वाढले नाही’ म्हणणाऱ्यालाही नाही. तारापूरला १९६९ साली वीज सुरू झाली, आणि अशा केंद्रांच्या परिसरात पाणी, माती, दूध, मासे ह्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा काम करतात. त्यांचे आकडे अहवालात निजून राहतात. ते सामान्य कुटुंबाला वाचता येतील अशा मराठीत उतरवणे ही लोकशाहीची गरज आहे, आणि ते वाचण्याची मनाची तयारी करून देणे हे वाङ्मयाचे काम आहे.

आकडा ऐकला की आपल्यातले निम्मे लोक घाबरतात आणि निम्मे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. घाबरणे आणि डोळे मिटणे ही दोन्ही वाचनाची टाळाटाळच आहे. चांगली कादंबरी वाचणारा माणूस पात्राला पहिल्या पानावर देव ठरवत नाही आणि दैत्यही ठरवत नाही. तो विचारतो: हा कोण, कोठून आला, कोणाच्या पुढ्यात उभा आहे? आकड्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. किती, कशाच्या मानाने, आणि कोणाच्या ताटात? ज्या दिवशी मराठी वाचक हे सवयीने विचारू लागेल, त्या दिवशी आपल्या लेखकांना ही कथा लिहावीच लागेल. पुढच्या एखाद्या दिवाळी अंकात ती वाचायला मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.